काळ ओळखा

सहावी ब. हिलाल निंबा कोळी.
निबंधाचा विषय माझे आवडते झाड.
त्यानं लिहिलं होतं,
'माझं झाड निंब. त्यानाखाल गाडेल शे.'
मी लाल शाईनं गाडेल खोडलं,
वर गाडलेले आहे लिहिलं,
समासात 'घरची भाषा घरी',
आणि दोन गुण कापले.
काय गाडलंय, ते विचारलं नाही.
तास संपला होता.

पुढे तो बोटीवर भांडी घासायला गेला.
कुठल्याशा थंड बंदरात त्याला उतरवून घेतलं.
पिशवीत वही, वहीत कविता,
पासपोर्टवर हिलाल.
अमळनेरच्या बाजारात ही हाक मारा,
तीन म्हातारे वळून बघतील,
एक पाटील, एक माळी, एक नुसताच बहिरा.
तिकडे त्या नावाला दाढी चिकटवली.

अकरा वर्षं.
खटला नाही, सुटका नाही,
तारखेला तारीख लागून.
इकडच्या एका स्फोटाच्या कागदांना
त्याची ओळ टाचली होती:
जे गाडेल शे, ते फुटी.
दिल्लीतल्या दुभाष्यानं प्रमाण मराठीचा कोश उघडला.
गाडेल. भविष्यकाळ. तो गाडेल.
शे त्याला छपाईची चूक वाटली.
फुटणे या शब्दापुढे
कोंब, पालवी, पान्हा, सगळं ओळीनं होतं.
त्यानं शेवटचा अर्थ उचलला.

मग बोरीकाठच्या निंबाखाली जेसीबी आला.
सुपडाबाई ओट्यावरून उठली नाही.
एवढंच म्हणाली,
"धीरे खंदा रे भो, निजेल शे ती."
धरणगावकडचा एक शिपाई होता,
त्याला कळलं. तो गाडीमागे जाऊन उभा राहिला.
साहेबाला कळलं नाही.
पंचनामा: काळे मणी, नग पाच.
मातीची पणती, नग एक, फुटकी.
संशयास्पद काही नाही.
सात दिवसांची पोर, बारसं व्हायचं होतं,
म्हणून पंचनाम्यात तिच्या नावाची अडचण आली नाही.
ते पान फायलीबरोबर समुद्रापार गेलं नाही.
ओळ गेली.

कवितेच्या पुस्तकात पहिल्या पानावर अर्पण असतं.
हिलालचं पुस्तक निघालंच नाही.
त्याच्या वाट्याला आलं ते प्रत्यार्पण,
दोन देशांच्या सह्या, तीन शिक्के,
आणि तोंडावर काळं फडकं,
ज्यातून त्याला जळगावचं ऊन
तेवढं ओळखता आलं असेल.

मला साक्षीला बोलावलं.
निवृत्त मुख्याध्यापक, अहिराणीचे जाणकार.
जाणकार!
चौतीस वर्षं ती मी पोरांच्या जिभांवरून
काथ्यानं घासून काढली,
माझ्या स्वतःच्या जिभेवरून सगळ्यात आधी.
रात्री न्हाणीघरात दार लावून
मी मोठ्यानं म्हणून पाहिलं, गाडेल शे, गाडेल शे.
बायको म्हणाली, कोण आलंय?

एप्रिल. पंखा फिरत होता, वारा नव्हता.
पिंजऱ्यात एक पांढऱ्या केसांचा माणूस.
मी सहावी ब मधला चेहरा शोधत राहिलो
आणि त्यानं मला केव्हाच शोधलं होतं.

न्यायाधीशांनी विचारलं,
"गुरुजी, या शब्दाचा काळ कोणता?"
आयुष्यभर हा प्रश्न मी विचारला,
मला कोणी विचारला नव्हता.
"भूतकाळ, साहेब," मी म्हणालो,
"गाडलेलं. होऊन गेलेलं. संपलेलं."
माझ्या मते मी त्याला सोडवत होतो.

पिंजऱ्यातून, हळू, वर्गात बोट वर करून
परवानगी मागावी तसा, तो म्हणाला,
"शे राही गयं, गुरुजी."

टंकलेखिकेचे हात थांबले.
तिनं न्यायाधीशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"हे घ्यायचं का?"
माझ्या खिशात लाल पेन होतं, अजूनही.